सर, तिकीट तुम्हीच टाका

गेलं वर्षभर मी आमच्या आयटी कंपनीतल्या एका डिलिव्हरी हेडची, म्हणजे क्लायंटचं काम पूर्ण करून देण्याची जबाबदारी असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याची, मेंटॉर होते. ते बावन्न वर्षांचे, मी सत्तावीसची. हिंजवडीत आणि परदेशात मिळून हजारावर माणसं त्यांच्या हाताखाली. मी एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवरची साधी डेव्हलपर. एरवी त्यांना मी फक्त टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, लांबून पाहिलेलं. ‘रिव्हर्स मेंटॉरिंग’, म्हणजे धाकट्याने वरिष्ठाला शिकवणं, हा शब्द आता बऱ्याच कंपन्यांमध्ये ऐकू येतो आणि ज्यांचं नाव यादीत लागतं ते मला विचारतात, नेमकं करायचं काय असतं? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

कल्पना जुनी आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी कंपनीतल्या सुमारे पाचशे वरिष्ठ अधिकाऱ्यांना सांगितलं की प्रत्येकाने कंपनीतल्याच एका तरुण कर्मचाऱ्याला गाठायचं आणि त्याच्याकडून इंटरनेट शिकायचं. वेल्च तेव्हा साठी ओलांडलेले होते आणि त्यांनी स्वतःसाठीही असा एक तरुण शिक्षक निवडला होता. आमच्या एचआरने पहिल्या सत्रात ही गोष्ट सांगितली तेव्हा सर म्हणाले, “त्या वर्षी मी अमेरिकेतच होतो. कोबोलच्या प्रोग्रॅममधली दोन अंकी वर्षं चार अंकी करत बसलो होतो.” वायटूकेचं काम, म्हणजे २००० साल आल्यावर दोन अंकी वर्षं वाचणारे प्रोग्रॅम गोंधळू नयेत म्हणून केलेली दुरुस्ती. १९७३ चा जन्म, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा डिप्लोमा, मग मेनफ्रेम या मोठ्या जुन्या संगणकांवरचं काम आणि लगेच ऑनसाइट, म्हणजे परदेशी क्लायंटकडे. त्या पिढीतल्या पुण्याच्या कितीतरी जणांचा रस्ता हाच होता. मीही सी-डॅकचा डिप्लोमा केलेला, फक्त कोविडमुळे सगळा घरून, बार्शीतल्या आमच्या गच्चीवर रेंज शोधत. आमच्यातलं पहिलं मोकळं बोलणं त्या डिप्लोमावरूनच झालं. अभ्यासक्रम किती बदलला, कोणता विषय अजून आहे, रात्री लॅब किती वाजेपर्यंत उघडी असायची, असं.

कंपनीत इंग्रजीतून बोलताना सगळेच सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, व्हाइस प्रेसिडेंटलासुद्धा. पण दार बंद झालं, बोलणं मराठीत आलं की माझ्या तोंडी ‘सर’ आणि ‘तुम्ही’च यायचं आणि ते मला ‘तू’ म्हणायचे. ते तसंच राहिलं. नात्यातली बरोबरी पहिल्या नावाने येत नाही, ती दुसऱ्या गोष्टींनी येते, असं माझं आता मत झालं आहे.

जोड्या लावताना एचआरने एक गोष्ट नीट पाळली होती: मेंटॉर आणि लीडर एकाच रिपोर्टिंगच्या साखळीत नकोत. माझा प्रोजेक्ट सरांच्या हाताखाली नव्हता. माझं अप्रेजल, माझी बढती, माझं ऑनसाइट, यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. ही अट कागदावर किरकोळ दिसते, पण ती नसती तर मी तोंड उघडलंच नसतं. आमच्या लीडने तरीही मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “वरच्यांशी बोलताना आपल्या प्रोजेक्टचं नाव काढू नकोस हं.” ती प्रेमळ बाई आहे, तिचा हेतूही वाईट नव्हता. तिने पूर्वी पाहिलं होतं की एखादं वाक्य वर जातं आणि खाली येईपर्यंत त्याची चौकशी झालेली असते. म्हणून मी सरांना आधीच सांगून टाकलं की माझ्या टीममधल्या माणसांबद्दल मी काही बोलणार नाही. ते म्हणाले, “मी विचारणारही नाही.” आणि वर्षभरात खरंच एकदाही विचारलं नाही.

विषय ठरला होता एआय. लीडर मंडळींना एआयची साधनं कळली पाहिजेत, कारण क्लायंट रोज विचारतात की तुमची माणसं ती वापरतात का, वापरतात तर बिल कमी का होत नाही. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं, त्याआधीच जून २०२२ मध्ये गिटहब कोपायलट हे कोड लिहून देणारं साधन सगळ्यांसाठी खुलं झालं होतं, आणि तेव्हापासून वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक सादरीकरणात हे शब्द आहेत. ज्यांनी ते शब्द स्लाइडवर लिहिले त्यातल्या कितीजणांनी ती साधनं स्वतः कोड लिहायला वापरली होती, हा प्रश्न मला सुरुवातीपासून पडलेला होता.

सुरुवातीच्या बैठका समजावून सांगण्यात गेल्या. या साधनांमागचं मॉडेल पुढचा शब्दतुकडा कोणता असण्याची शक्यता जास्त आहे ते काढत जातं, त्याला ‘माहीत’ असं काही नसतं, एका वेळी त्याच्यापुढे किती मजकूर ठेवता येतो याला मर्यादा असते, वगैरे. सर भराभर टिपून घ्यायचे. एकदा मी दाखवलं की तेच वाक्य मराठीत लिहिलं तर बहुतेक मॉडेलं त्याचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करतात आणि पैसे तुकड्यांवर मोजले जातात. त्यावर त्यांनी ताबडतोब कॅल्क्युलेटर काढला. किंमत लावणं हा त्यांचा रोजचा धंदा आहे, तिथे ते कुणाला ऐकत नाहीत.

मग त्यांनी स्वतःच एक परीक्षा घेतली. मेनफ्रेमवरच्या एका युटिलिटीचा, अस्तित्वातच नसलेला, एक पॅरामीटर त्यांनी मनाने बनवला आणि एआय असिस्टंटला विचारलं की हा कसा वापरायचा. असिस्टंटने उदाहरणासकट सगळं सांगितलं. कोणता पर्याय कधी द्यायचा, तो दिला नाही तर काय होतं, सगळं. सर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. “मॅन्युअलसारखं लिहितंय गं हे,” म्हणाले. त्याच बैठकीत त्यांनी एक खरा जुना कोबोल प्रोग्रॅमही समजावून मागितला होता आणि तो मात्र त्याने फार सुंदर उलगडला. एकाच तासात दोन्ही पाहिल्यामुळे मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

पण मला हे पुरेसं वाटत नव्हतं. ते अजूनही वरूनच बघत होते. आमच्याकडे काम कसं होतं, म्हणजे सकाळी लॅपटॉप उघडल्यापासून कोडची एक ओळ प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, जाईपर्यंत काय काय घडतं, हे त्यांनी कित्येक वर्षांत हाताने केलेलं नव्हतं. एआयमुळे काम किती लवकर होईल याचे आकडे क्लायंटला देणारा माणूस तोच. म्हणून मी त्यांना म्हटलं, “सर, एक छोटा बदल तुम्ही स्वतः करा. नव्या जॉइनरसारखा. आतल्या कामाचं एक टूल आहे, क्लायंटचं नाही, त्याच्या पानावर एक तारीख चुकीच्या क्रमाने दिसते. तेवढी दुरुस्त करायची.”

ते लगेच तयार झाले. फोन उचलला आणि सेक्रेटरीला सांगायला लागले की मला अमुक रिपॉझिटरीचा, म्हणजे कोडच्या साठ्याचा, अ‍ॅक्सेस लावून दे. मी म्हटलं, “सर, नाही. तिकीट तुम्हीच टाका. साधं. आणि कुणाला फोन करायचा नाही.”

क्षणभर ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी अशी तिकिटं, म्हणजे विनंत्या, टाकायचं पोर्टल उघडलं.

यानंतर जे झालं ते कार्यक्रमातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण होतं, असं मी आजही म्हणेन. पोर्टलवर अ‍ॅक्सेसचा प्रकार निवडायचा होता आणि यादीत एकसारखी दिसणारी बरीच नावं होती. त्यांनी एक निवडलं. दोन दिवसांनी तिकीट परत आलं, ‘चुकीची श्रेणी’. कोणती बरोबर ते लिहिलेलं नव्हतं. नवं तिकीट टाकलं. ते रिपोर्टिंग मॅनेजरकडे गेलं, मग रिपॉझिटरीच्या मालकाकडे, मग सिक्युरिटीकडे. मालक म्हणून ज्याचं नाव नोंदवलेलं होतं तो माणूस कंपनी सोडून गेला होता. तिकीट त्याच्या नावावर पडून राहिलं. आठवडा उलटला. आमची पुढची बैठक आली तेव्हा सरांच्या हातात अजून कोडची एक ओळ नव्हती.

“सगळ्यांना असंच होतं?”

“फ्रेशरला जास्त होतं, सर. त्याला कुणाला विचारायचं तेही ठाऊक नसतं. तो बेंचवर, म्हणजे कामाविना, नसतो, प्रोजेक्टवर असतो, क्लायंटला त्याचं बिल लागायला लागलेलं असतं आणि तो नुसता ट्रेनिंगचे व्हिडिओ बघत बसतो.”

त्या तीन मंजुऱ्यांचा नियम काही वर्षांपूर्वी ज्या समितीने केला होता, तिच्यात सर होते. तेव्हा एका ऑडिटनंतर तो नियम योग्यच वाटला होता, असं त्यांनी सांगितलं. नियम करणाऱ्याला स्वतः कधी तो पाळावा लागत नाही. पद वाढलं की माणसाभोवती अशी व्यवस्था उभी राहते की कुठलीही रांग त्याच्यापर्यंत पोचत नाही. यात त्याचा दोष नसतो, पण मग त्या रांगेची लांबीही त्याला कळत नाही. आणि कोड लिहिण्याचा वेळ एआयने निम्मा झाला तरी अ‍ॅक्सेसला आठवडा लागत असेल तर क्लायंटला काय निम्म्या वेळात मिळणार? हा हिशोब मला त्यांना सांगावा लागला नाही. पुढच्या बैठकीत तो त्यांनीच फळ्यावर मांडला.

शेवटी अ‍ॅक्सेस आला आणि आम्ही गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, सुरू केलं. सर ज्या काळात कोड लिहायचे तेव्हा त्याच कामासाठी व्हिज्युअल सोर्ससेफ होतं. फाइल चेकआउट केली की ती तुमच्या नावावर कुलूपबंद, दुसऱ्याने थांबायचं. गिट आलं २००५ मध्ये, लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या कर्नलसाठी लिहिलं, तोवर सर मॅनेजर झाले होते. कुलूपच नाही, प्रत्येकाकडे अख्खी प्रत, सगळे एकाच वेळी लिहितात, ही गोष्ट त्यांना बेशिस्तीची वाटली. मी मुद्दाम त्याच फाइलच्या त्याच ओळीत माझा एक बदल आधी टाकून ठेवला आणि त्यांना मर्ज, म्हणजे दोन्ही बदल एकत्र, करायला लावलं. कॉन्फ्लिक्ट आला. दोन्ही ओळी पडद्यावर एकाखाली एक, ठरव आता कोणती ठेवायची. त्यांनी ती सोडवली आणि म्हणाले, “म्हणजे भांडण टाळत नाही, ते शेवटी एकदाच आणि समोरासमोर होतं.” इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

मग पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल तपासून घ्या’ अशी विनंती. रिव्ह्यूला ती गेली माझ्याहून लहान असलेल्या एका मुलाकडे, कंपनीत येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. मिनिटभरात मंजूर. एकही शेरा नाही. सरांना आधी बरं वाटलं. मग त्यांनी स्वतःचा कोड पुन्हा वाचला. एका व्हेरिएबलचं नाव अर्थहीन होतं, टेस्ट लिहिलेली नव्हती. “यानं वाचलंच नाही,” ते म्हणाले. मी म्हटलं, “नाव वाचलं, सर.”

ते उठले, दोन मजले खाली गेले, मला बरोबर यायला सांगितलं. मुलगा उभाच राहिला. सरांनी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, “माझं नाव झाकून बघ. तुझ्या शेजाऱ्याने पाठवलं असतं तर काय लिहिलं असतंस?” बराच वेळ तो काही बोलेना. मग हळूहळू बोलायला लागला: हे नाव बदला, इथे टेस्ट हवी, ही तारीख अमेरिकेच्या वेळेप्रमाणे येईल, इथल्या नाही. तिसरी गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. सरांनी तिन्ही दुरुस्त्या केल्या आणि त्याच्याकडूनच पुन्हा मंजुरी घेतली. आपल्याकडे शाळेपासून शिकवलं जातं की मोठ्यांच्या कामात खोट काढायची नाही. घरात ती रीत चांगलीच आहे. पण कोड रिव्ह्यूची पद्धत तर खोट काढण्यावरच उभी आहे, आणि आमच्या किती रिव्ह्यूंमध्ये नुसतं नाव बघून मंजुरी पडत असेल, या विचाराने सर त्या दिवशी अस्वस्थ झालेले मी पाहिले.

यानंतर एआय असिस्टंट घेऊन काम करायला खरी सुरुवात झाली. तोही नियम आधी बोलून घेतला: क्लायंटचा डेटा, क्लायंटचा कोड बाहेरच्या कुठल्याही चॅटमध्ये जाणार नाही. मे २०२३ मध्ये सॅमसंगने कर्मचाऱ्यांना अशी साधनं वापरायला मनाई केली, कारण आतला कोड चॅटजीपीटीत टाकला गेला होता. सरांना हे ठाऊक होतं, पण आमच्या मुलांना डेडलाइनच्या रात्री हा मोह किती होतो हे ठाऊक नव्हतं. कंपनीने मंजूर केलेलं साधन हळू आहे, त्याचं लायसन्स मोजक्यांना मिळतं, आणि बाहेरचं साधन खिशातल्या फोनवर आहे. मनाई करून हे थांबत नाही. सगळ्यांना चांगलं साधन दिलं तर थांबतं, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

सरावासाठी आम्ही बनावट डेटा घेतला होता. जुन्या मेनफ्रेममधून काढल्यासारखी विमाधारकांची यादी, जन्मतारीख दिवस-महिना-वर्ष अशी सहा आकड्यांत. त्यातून वय काढायचं. सरांनी असिस्टंटला सांगितलं, त्याने पायथन या भाषेत सुबक स्क्रिप्ट लिहून दिली. मी दिलेल्या नमुन्यावर ती बिनचूक चालली. मी पुढे जायला निघाले, तर सर म्हणाले, “थांब. ५५ सालचा माणूस टाक.”

टाकला. वय उणे आलं.

पायथनमध्ये दोन अंकी वर्ष वाचायचं जे ठरावीक चिन्ह आहे, ते ६९ ते ९९ हे आकडे १९६९ ते १९९९ असे धरतं आणि ०० ते ६८ हे २००० ते २०६८ असे. म्हणजे १९५५ साली जन्मलेला माणूस २०५५ साली जन्माला येणार. माझ्या नमुन्यातली सगळी माणसं बहात्तर ते अठ्ठ्याण्णवमधली होती, कारण टेस्ट डेटा बनवताना आपण आपल्या आणि आपल्या आईवडिलांच्या वयाची माणसं घालतो. विमा कंपनीकडे मात्र सत्तरी गाठलेले ग्राहकही असतात. सरांनी मग फळ्यावर मला वायटूकेची सगळी रीत समजावली: साल चार अंकी करायला वेळ आणि जागा नसेल तिथे एक सीमावर्ष ठरवायचे, त्याच्या अलीकडचे आकडे दोन हजारातले, पलीकडचे एकोणीसशेतले. ते सीमावर्ष प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं असायचं, जन्मतारखेला वेगळं, कर्जफेडीच्या तारखेला वेगळं. “हे ठरवायला धंदा कळावा लागतो,” ते म्हणाले. “अजून न जन्मलेला माणूस विमा घेत नाही, हे असिस्टंटला कोण सांगणार?”

ही नजर त्यांच्याकडे आधीपासूनच होती, पण जोवर ते स्लाइडवरून एआय शिकत होते तोवर ती कुणाच्याही उपयोगाची नव्हती. कीबोर्डवर हात ठेवल्यावर ती जागी झाली. मी त्यांना शिकवलं आणि त्यांनी मला, असा गोड हिशोब मला मांडायचा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वरच्या माणसाला साधन समजावून सांगू नका, त्याला त्या साधनाने खालचं काम करायला लावा. अ‍ॅक्सेसची रांग, नावाला घाबरणारा रिव्ह्यू, २०५५ सालचा विमाधारक, यातलं काहीही स्लाइडवर आलं नसतं.

याच सुमारास मी तो प्रश्न विचारला जो आमच्या कॅन्टीनमध्ये रोज बोलला जातो. फ्रेशरचा वर्षाचा पगार साडेतीन लाखांच्या आसपास गेली कित्येक वर्षं अडकलेला आहे. त्याला जी कामं देऊन आम्ही शिकवायचो, छोटे बग, टेस्ट लिहिणं, जुना कोड वाचून त्याची टिपणं काढणं, ती आता असिस्टंट करतो. मग तो शिकणार कुठे? आणि दहा वर्षांनी ‘५५ सालचा माणूस टाक’ असं म्हणणारं कुणी उरेल का? सरांनी उत्तर द्यायची घाई केली नाही. पुढच्या बैठकीत म्हणाले की भरती किती होईल हे आपल्या एकट्याच्या हातात नाही, ते मी तुला खोटं सांगणार नाही. पण शिकवण्याची पद्धत हातात आहे. त्यांच्या प्रोजेक्टांवर त्यांनी सुरू केलं की असिस्टंटकडून लिहून घेतलेला कोड असला तरी रिव्ह्यूच्या वेळी फ्रेशरने तो तोंडी समजावून सांगायचा, ओळ का आहे ते सांगता आलं नाही तर मंजुरी नाही. मला हे अपुरं वाटतं, भरतीचा प्रश्न त्याने सुटत नाही. तरी काहीतरी सुरू झालं.

सगळ्याच जोड्यांचं असं झालं नाही, हेही सांगायला हवं. एका मैत्रिणीच्या लीडरने तिच्याकडून आपली सादरीकरणं आणि लिंक्डइनच्या पोस्ट लिहून घेतल्या. ती वर्षअखेरीस म्हणाली, “मी मेंटॉर नव्हते, मी त्यांची फुकटची असिस्टंट होते.” दुसऱ्या एकाच्या बैठका दर वेळी ऐनवेळी रद्द व्हायच्या; शेवटच्या फॉर्मवर दोघांनीही ‘उत्तम’ लिहिलं, कारण वाईट लिहायचं धाडस कोण करणार. एचआरच्या अहवालात अशा जोड्याही यशस्वी म्हणूनच मोजल्या गेल्या असतील. मला याचा राग येतो. तरुण माणूस मनापासून काहीतरी द्यायला येतो आणि आपला वेळ वाया गेला असं समजून परत जातो, तेव्हा तो पुढच्या वेळी खरं बोलत नाही. तोटा कंपनीचाच होतो.

आणि वेळेचा प्रश्न. आमच्याकडे आठवड्याचे चाळीस तास टाइमशीटवर भरावे लागतात आणि ते सगळे क्लायंटच्या खात्याच्या कोड नंबरवर, बिलेबल, म्हणजे ज्यांचं बिल क्लायंटला लागतं असे. मेंटॉरिंगला असा कोड नंबर नव्हता. म्हणजे सरांबरोबर बसायचं, त्याची तयारी करायची आणि आपलं काम संध्याकाळी भरून काढायचं. त्यात साडेसातनंतर अमेरिकेचे कॉल सुरू होतात, ते संपवून हिंजवडीच्या फेज दोनमधून बाहेर पडायचं आणि वाकडच्या पुलापर्यंत रांगेत उभं राहायचं. ज्या मुलींना रात्रीच्या कॅबची वेळ सांभाळावी लागते त्यांनी या कार्यक्रमात नावच दिलं नाही. हे मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं, कारण त्यांच्या टाइमशीटवर असं काही भरावं लागतच नाही. त्यांनी फायनान्सशी बरेच दिवस भांडून नॉन-बिलेबल कोड उघडून घेतला. आधी तो फक्त मला देणार होते, मी म्हटलं, सगळ्यांना मिळणार असेल तर घेते. यंदाच्या तुकडीत रात्रीच्या कॅबने जाणाऱ्या तीन मुली आहेत.

अ‍ॅक्सेसचंही थोडं मार्गी लागलं. प्रोजेक्टवर नाव लागलं की कोड वाचण्यापुरता अ‍ॅक्सेस आता आपोआप मिळतो, बदल करायचा असेल तर एक मंजुरी. कंपनी सोडणाऱ्याच्या नावावर असलेल्या रिपॉझिटरींची यादी दर महिन्याला निघते. क्लायंटच्या गोपनीय डेटाच्या तीन मंजुऱ्या कायम ठेवल्या, आणि त्या राहायलाच हव्यात.

सर यंदाही कार्यक्रमात आहेत, मेंटॉर मात्र नवा, टेस्टिंगमधला एक मुलगा. त्याने मला फोन करून विचारलं की स्लाइड कुठल्या बनवू. मी म्हटलं, स्लाइड राहू देत, एखादा छोटा, पडून राहिलेला बग शोध. त्याने शोधलाय. एका रिपोर्टमध्ये मराठी नावं शेवटी तुटतात, कारण नावाची जागा बाइटमध्ये मोजलेली आहे आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट लागतात. सरांनी तिकीट टाकलं आहे, या वेळी श्रेणी बरोबर निवडून, आणि त्या मुलाला विचारलंय की लांबातलं लांब मराठी नाव टेस्टसाठी कुणाचं घ्यायचं.